प्रतिसाद: नागनाथअण्णांनी धरणग्रस्तांसाठी नेमकं काय केलं?

वर कुणीतरी विचारलंय, नागनाथअण्णा नायकवडींनी मोर्चांपलीकडं काय केलं? इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारातले अण्णा १९५७ आणि १९८५ ला वाळव्याचे आमदार होते, २००९ ला पद्मभूषण मिळालं, हे सगळ्यांना पाठ आहे. खरी गोम पुनर्वसनाच्या कायद्यात आहे.

महाराष्ट्रात असा कायदा १९७६ ला आला, देशात पहिला. पुढं १९८६ आणि १९९९ ला नवे आले. तत्त्व साधं: धरणाचं पाणी ज्याच्या रानाला मिळतं, त्यानं स्लॅबपेक्षा (कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा) जादा जमीन, ज्याची बुडाली त्याच्यासाठी सोडायची. ती मिळण्यासाठी धरणग्रस्ताला आपल्या भरपाईतले ६५ टक्के सरकारकडं भरावे लागतात. इथंच बहुतेक घरं अडकली. भरपाई हप्त्यानं आली, लग्नात नि आजारपणात संपली, मग नोटीस आली तेव्हा हातात काही नाही! दुसरीकडं लाभक्षेत्रातला, म्हणजे धरणाचं पाणी मिळणारा, बागायतदार कोर्टातून स्थगिती आणायचा. म्हणून अण्णांची 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी. पाणी अडवलं की धरणग्रस्ताच्या हातातलं शेवटचं हुकमाचं पान गेलं.

वारणा, दूधगंगा धरणांच्या पुनर्वसन वसाहतीत आजही कागद बघताना सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकाना आधी वाचा. स्लॅबच्या जमिनीवर पुनर्वसनाचा शेरा असतो. वाटपाची जमीन भोगवटादार वर्ग २ ची, परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि वाटपाचा आदेश हातात आला म्हणजे ताबा आला असं नाही. मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या, नाहीतर बांधावर मूळ मालकाचा ऊस तसाच उभा असतो.