अनुभव धागा: मॅच संपली, मधल्या फळीवरचा वाद नाही संपला

सुहास_पेठ
काल पुतण्यानं २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल पुन्हा लावली, अर्जेंटिना-फ्रान्स. तेव्हा तो लहान होता, झोपून गेला होता. ६४ वं मिनिट आलं, अर्जेंटिनाचा डी मारिया बाहेर आणि आकुन्या आत. पोरगं लगेच म्हणालं, "काका, एवढा भारी खेळत होता की, ह्याला का काढला?"

झालं! त्या रात्री कोल्हापुरात पेठेत फटाके वाजत होते, गुलाल उडत होता आणि आम्ही बिनखांबी गणेशाजवळ उभं राहून नेमक्या ह्याच प्रश्नावर भांडत होतो. कप हातात होता, तरी भांडत होतो.

माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीनं डी मारियाला डावीकडं रेषेला चिकटून उभा केला, तिथंच मॅच उघडली. फ्रान्सच्या कुंदेला वर जाता येईना. डेम्बेलेला मागं धावायची सवय नाही, त्यानंच पाय घातला आणि पेनल्टी दिली. मध्ये डी पॉल, एन्झो, मॅक अ‍ॅलिस्टर, आणि मेस्सी खाली उतरला की चार. समोर फ्रान्सचे चुआमेनी आणि राबियो दोघंच. ग्रीझमनला कुणाला धरू कळेना. पहिल्या हाफात फ्रान्सचा एक शॉट नाही! त्यांचा कोच देशाँनं ४१ व्या मिनिटाला दोन बदल केले, जिरू आणि डेम्बेले दोघंही बाहेर. फायनलमध्ये असं कोण करतं?

डी मारिया गेला आणि बॉल पुढं नेऊन ठेवायची जागाच गेली. मग ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापे.

मित्र म्हणतो, दुखापतीतून उठलेला माणूस, सेमीला तर खेळलाही नव्हता, पळणार किती? तेही खरंच आहे.

तुमचे असे कुठले वाद? मॅच कुठलीही चालेल, पण मधल्या फळीवरचा पाहिजे. लिहा.

नऊ_नंबर
आकुन्याचं काय घेऊन बसलाय भावा. फ्रान्सचे कोमान आणि कामाविंगा आले तिथं फिरली मॅच. एम्बापेच्या दुसऱ्या गोलआधी कोमाननं मेस्सीच्या पायातनं बॉल काढला, ते बघ परत. ताजे पाय आले की फॉर्मेशन गेलं उडत.

सुहास_पेठ
@नऊ_नंबर कोमान ७१ व्या मिनिटाला आला. डी मारिया असता तर तो वर आलाच नसता, मागं अडकला असता. हेच तर म्हणतोय मर्दा!

नऊ_नंबर
दुकान उघडतोय. रात्री बोलू.

इस्तंबूल_०५
२५ मे २००५, चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल वि. मिलान. आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झाली. पुण्यात होस्टेलच्या मेसमध्ये टीव्ही, आवाज बंद करून बघत होतो. मी लिव्हरपूल, रूममेट मिलान.

हाफटाइमला ३-० मागे. रूममेटनं मिलानची मधली फळी म्हणून मेसच्या चार वाट्या डायमंडसारख्या टेबलावर मांडल्या. मागची पिर्लो, उजवी गात्तुझो, डावी सीडॉर्फ, पुढची ब्राझीलचा काका. समोर आमचे दोन चमचे, जेरार्ड आणि अलोन्सो. म्हणाला, "मोज. चार वाट्या, दोन चमचे." मला उत्तर सुचेना. काका खरोखर आमच्या दोघांच्या मागं आरामात फिरत होता, त्याच्याकडं बघायला कुणी नव्हतंच.

आमचा कोच बेनितेझनं फिनानला काढून हामान आणला. मागे तीन, मध्ये अलोन्सोच्या जोडीला हामान, त्यामुळं जेरार्ड मोकळा. मी तिसरा चमचा आणून काकाच्या वाटीत उभा केला आणि रूममेटला म्हटलं, आता बोल. ५४ व्या मिनिटाला रीसेचा क्रॉस, जेरार्डचं हेडर. मग स्मिचर. मग अलोन्सोची पेनल्टी मिलानचा गोलकीपर दिदानं अडवली आणि परत आलेला बॉल त्यानंच वर मारला. सहा मिनिटांत तीन!! कुणीतरी बाक उलटा केला आणि रेक्टर खाली आले.

रूममेट आता नॉर्वेत आहे. अजूनही म्हणतो, तुमचा गोलकीपर डुडेकनं वाचवलं, हामाननं नाही. मिलानच्या शेवचेन्कोचा तो शॉट डुडेकनं कसा अडवला ते मलाही कळलेलं नाही. पण हामान नसता तर मॅच तिथवर पोचलीच नसती. ह्यावर मी मागं हटणार नाही.

प्राची
सगळं वाचतेय, थालीपीठ तव्यावर आहे. एक विचारू? माझा मुलगा १२ वर्षांचा, त्याचे सर "डायमंड खेळा" म्हणून ओरडतात आणि मुलं एकमेकांच्या पायात येतात. वाट्यांमुळं आज थोडं कळलं. पण मग बाजूला कोण खेळतं?

तात्या_सेंटरहाफ
प्राचीताई, प्रश्न बरोबर विचारलात. बाजूला कोणीच नसतं, तीच त्याची अडचण. साइड बॅकनं वर-खाली पळायचं. मिलानकडं काफू होता, तो पळायचा. १२ वर्षांच्या पोरांना हे झेपत नाही, सगळी बॉलकडं धावतात. ह्या वयात सरळ चार-चार-दोन खेळवावं, म्हणजे मागे चार, मध्ये चार, पुढे दोन, प्रत्येकाला आपली जागा कळते.

सुहास, तुमच्या वादात माझं एक. माझे वडील १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सांगायचे. भारताचे कोच रहीमसाहेब, त्यांचा संघ ४-२-४ खेळायचा, म्हणजे मध्ये दोघंच. जर्नेलसिंग स्टॉपर, म्हणजे मागचा मधला बचाव. त्याला डोक्याला लागलं, टाके पडले, तर रहीमसाहेबांनी त्याला सेमीला आणि फायनलला सेंटर फॉरवर्ड खेळवला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पीके बॅनर्जी एक, जर्नेल एक, २-१, सुवर्ण. वडील आणि त्यांचे मित्र तालमीच्या कट्ट्यावर ह्यावर भांडायचे, की स्टॉपर पुढं गेला तर मागचं काय? वडील म्हणायचे, मागं अरुण घोष होता की! पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कॅन्सरनं गेले. त्यांचं नाव आजच्या पोरांना ठाऊक नाही, याचं फार वाईट वाटतं.

मडगावकार
तात्या, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. बाबा असते तर आत्ता फोन मागितला असता तुमचा.

आमची मॅच, १४ एप्रिल २०२१, फातोर्डा. एफसी गोवा वि. कतारचा अल-रय्यान, आशियाई चॅम्पियन्स लीग. समोरचा कोच लॉराँ ब्लाँ, १९९८ चा विश्वविजेता. आणि कोविडमुळं स्टेडियम रिकामं! घरापासून जवळ, तरी टीव्हीवर बघितली. ०-०. ग्रुपमध्ये भारतीय क्लबचा पहिला पॉइंट.

भाऊ चिडला, म्हणे आपण मागं बसून खेळलो, हे आपलं फुटबॉल नाही, आधीचा कोच लोबेरा असता तर असं खेळला नसता. मी म्हटलं, आपला एदू बेदिया मध्ये बॉल कसा धरतो ते बघ, दबावात मागं वळून पास देत होता. सगळं जिंकायलाच पाहिजे काय? दोन दिवस जेवताना हाच विषय. मग इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदूनंच हेडरनं गोल केला. मॅच २-१ हरलो, पण गोल झाल्यावर भावानं मला उचललं. उचललं म्हणजे खरंच उचललं, पाय पंख्याला लागणार होता.

विदुला
ब्राझीलवाले कुणी आहेत का इथे की सगळे अर्जेंटिनाच? २०१४ च्या वर्ल्ड कपची सेमी, जर्मनीविरुद्ध. रात्री दीडची मॅच. मी काहीही लिहू शकत नाही त्यावर.

सुहास_पेठ
@विदुला ताई, शेजारच्या गल्लीत अख्खी ब्राझीलच होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कुणीच काही बोललो नाही. ७-१ वर चिडवायचं नसतं.

विदुला
थँक्यू. बरं, लिहितेच. सगळे म्हणतात नेमार नव्हता, थियागो सिल्वा नव्हता. मला राग आमचा कोच स्कोलारीचा. नेमारच्या जागी बर्नार्ड, म्हणजे पुन्हा बाजूनं पळणारा विंगर! जर्मनीचे क्रूस, खेदिरा, श्वाइनस्टायगर समोर असताना मध्ये फर्नांडिन्यो आणि लुइझ गुस्ताव्हो दोघंच. २३ ते २९, सहा मिनिटांत चार गोल. त्यातल्या एकाला क्रूसनं फर्नांडिन्योच्या पायातून बॉल घेतला, खेदिराशी वन-टू, गोल. तिसरा माणूस मध्ये ठेवला असता तर हरलो असतो, पण सात नसते झाले. बाबा म्हणतात झाले असते. अजून ठरलेलं नाही.

इस्तंबूल_०५
विदुला, तुमचे बाबा बहुतेक माझे रूममेट आहेत 😄

नऊ_नंबर
आलो. सुहास, परत बघितली. अर्जेंटिनाचा दुसरा गोल मेस्सीच्या एका टचनं सुरू झाला, मग आल्वारेझ, मॅक अ‍ॅलिस्टर, डी मारिया. त्या गोलासाठी तुझं अर्धं मान्य. आकुन्याचं नाही.

प्राची
तात्या, थँक्यू. सरांना मी काही सांगू शकत नाही, पण मुलाला सांगायला एखादी सोपी गोष्ट आहे का? तो मध्ये खेळतो आणि बॉल आला की घाबरून लगेच मारून टाकतो.

तात्या_सेंटरहाफ
आहे की. बॉल यायच्या आधी एकदा मान वळवून मागं बघायचं. फक्त एवढंच सांगा, बाकी काही नको. मॅच कधी आहे?

प्राची
रविवारी सकाळी ७. आणि त्याचे स्टड (फुटबॉलचे बूट) घट्ट झालेत, लहान मुलांचे कोल्हापुरात कुठं बरे मिळतील?

नऊ_नंबर
ताई मेसेज करा, आपलंच दुकान आहे. नंबर मोजायला मुलाला घेऊन या. आणि हां, अर्जेंटिनाचा टी-शर्ट पण आहे, ब्राझीलचा पण. विदुलाताईंसाठी सांगतोय.