एलएस१ इंजिनाचा कॅम (झडपा उघडणारा दांडा) बदलतोय, एक लिफ्टर (कॅमवर बसणारा दट्ट्या) सारखा खाली येतोय. टूल घेऊ की लाकडी दांडक्यांवर भागेल?

नोव्हीचा_सातारकर

मंडळी, दोन शनिवार-रविवार गॅरेजात घातले आणि आता कामाच्या ऐन मध्यावर हात थांबलेत.

गाडी २००२ ची शेवरले कॅमारो, एलएस१ इंजिन, ५.७ लिटर, १,४२,००० मैल. मिशिगनचा फेब्रुवारी आहे, त्यामुळे गॅरेजात हीटर लावूनही पाने बर्फासारखे लागतात. रेडिएटर काढला, पुढची पुली ओढली (क्रँकच्या बोल्टने माझा आणि शेजाऱ्याचा मिळून पाऊण तास खाल्ला), टायमिंग कव्हर उघडलं, चेन उतरवली. रॉकर काढले. सोळा पुशरॉड (लिफ्टरची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचून ठेवलेत. हेडना (सिलिंडरवरची झाकणं, झडपा यातच) हात लावायचा नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण गाडी एप्रिलपर्यंत रस्त्यावर आणायची आहे.

आता अडचण. या इंजिनात लिफ्टर चार-चारच्या प्लास्टिक ट्रेमध्ये बसतात आणि ते ट्रे हेडखाली. हेड न उतरवता कॅम ओढायचा तर चेन नसताना गियर नुसता कॅमला लावून चार-सहा वेळा फिरवायचा. लोब, म्हणजे कॅमवरचे उंचवटे, लिफ्टरना वर ढकलतात आणि ट्रेचं प्लास्टिक त्यांना चिमटीत धरतं. म्हणजे धरायला हवं.

माझे पंधरा धरून राहतात. सोळावा नाही. फिरवून थांबलो की चार-पाच सेकंद काही नाही, मग आतून ‘टक्’. दर वेळी. काऊलखाली (पुढच्या काचेच्या पायथ्याच्या पत्र्याखाली) डोकं खुपसून मागच्या भोकांत एकेक पुशरॉड टेकवला आणि पेन्सिलने खुणा केल्या. ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात मागचा, म्हणजे ७ नंबरचा एक, शेजारच्या लिफ्टरपेक्षा करंगळीच्या नखाएवढा खाली. कॅम ओढल्यावर हा पडणार हे नक्की.

कॅम ओढताना लिफ्टरखाली आधाराला सरकवायला दुकानातून ५/१६ इंची लाकडी दांडकी आणलीत, तीन-तीन फुटांची दोन, दोन-तीन डॉलरांत. त्याच कामाचं स्टीलचं टूल चाळीसेक डॉलरला मिळतंय. चाळीस डॉलरचं रडगाणं नाही, पण दोन दांडक्यांसाठी एवढे? आई इथे आली आहे, ती दारातून बघून म्हणाली, “एवढं उघडलंयस तर मिटवता येईल ना रे?” तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा.

ह्यूस्टनकर_काका

लाकूड वापरू नकोस. आधी हे वाच, मग दुकानात जा.

माझा ५.३ चा ट्रक होता, तेव्हा मीही हुशारी केली होती. दुकानातलं दांडकं डोळ्याला सरळ दिसतं, पण काचेवर लोळवून बघ, कुठेतरी बाक असतोच. माझं एक मध्यावर किंचित वाकडं होतं. कॅम निम्मा बाहेर आला आणि एक लिफ्टर कॅमच्या बोगद्यात आडवा झाला. आता कॅम ना पुढे ना मागे. ताठ मान असलेलं मॅग्नेट घेऊन पुढून चार तास मासेमारी केली. निघाला. चेंबरमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) गेला असता तर चेंबर उतरवणं आलं, आणि तुझ्या कॅमारोत त्यासाठी इंजिन वर उचलायचं नाहीतर खालची क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) सोडायची. गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून, फेब्रुवारीत. विचार कर.

वर तेलात भिजलेल्या लाकडाची कुसळं तेलाच्या वाटेत गेली तर ती वेगळीच.

टूल म्हणजे काय, तर दोन सरळ दांड्या, एका बाजूने सपाट केलेल्या, छेद इंग्रजी डी सारखा. टायमिंग कव्हरच्या मागे, कॅमच्या वर डावी-उजवीकडे दोन भोकं दिसतील, ती ब्लॉकभर मागपर्यंत जातात. सपाट बाजू लिफ्टरकडे ठेवून दांडी सरकवायची आणि पूर्ण आत गेली की फिरवायची. गोल बाजू लिफ्टरखाली येते आणि ते टेकून बसतात. लाकडी दांडकं सगळीकडून गोल, त्याला ही कळ नाही.

आणि खरी गोष्ट ऐक. दांडी ढकलताना अडली तर जोर लावायचा नाही. बाहेर काढ, कॅम पुन्हा फिरव, परत घाल. त्याच ठिकाणी पुन्हा अडली तर तिथला लिफ्टर वर राहत नाही असं समज. दांडी किती आत गेली ते मोजलंस की कुठला ते कळतं. म्हणजे ते टूल मोजपट्टीचंही काम करतं.

कॅम ओढताना त्याच्या पुढच्या तीन भोकांत लांब बोल्ट लाव, ८ मिमी, १.२५ चा आटा. धरायला मूठ होते. कॅम सरळ ओढ, बेअरिंगना घासू देऊ नकोस.

जीपवाला_कोल्हापूर

तुमच्या एलएसमधलं मला काही कळत नाही, पण वाचून हसू आलं. आमच्याकडे डिस्पोजलची (लष्कराने विकून टाकलेली) विलीस जीप आहे, युद्धातली, साइड वॉल्व्हचं चार सिलिंडरचं इंजिन. तिचे टॅपेट, म्हणजे तुमचे लिफ्टर, बाजूचं झाकण काढलं की समोर दिसतात. कॅम काढायचा तर उस्ताद प्रत्येक टॅपेट वर उचलून त्याला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावायचे. आठ टॅपेट, आठ चिमटे. इंजिन खाली उतरवलेलं असेल तर सरळ पालथं घालायचं, टॅपेट आपोआप कॅमपासून लांब जातात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दहावीत होतो. घरी आलो तर आई दोरीखाली उभी राहून चिमटे मोजत होती.

टॉर्करेंच_ताई

काकांचं बरोबर, पण प्रश्नाच्या एका बाजूला कोणी हात घातला नाही. टूलने लिफ्टर पडायचा थांबेल. ट्रे नवा होणार नाही.

ट्रेचं काम दोन आहे. कॅम बदलताना लिफ्टर वर धरणं हे त्यातलं तात्पुरतं. कायमचं काम म्हणजे लिफ्टर स्वतःभोवती फिरू न देणं. हे रोलर लिफ्टर आहेत, खालची चकती लोबच्या रेषेतच धावली पाहिजे. ट्रेच्या सपाट कडा ती सांभाळतात. लिफ्टर आडवा फिरला तर चकती लोबवर घासत जाते आणि नवा कॅम गेला. प्लास्टिक उष्णतेने कडक होतं. पकड सुटली म्हणजे कडाही गेल्याच असं नाही, पण १,४२,००० मैलांवर मी पैज लावणार नाही.

तुम्ही कॅम किती लिफ्टचा (झडप किती इंच उचलणारा) घालताय ते लिहिलं नाही. ०.५५० च्या वरचा असेल तर झडपांच्या स्प्रिंग तर बदलणार आहातच. मग हेड उतरवायला अंतर किती राहिलं?

उतरवलीत तर दोन गोष्टी. २००३ पर्यंतच्या एलएस१ चे हेड बोल्ट दोन लांबीचे असतात, आणि ते एकदाच वापरायचे, कारण ते ताणून बसवायचे असतात. दुसरं, ब्लॉकमधली बोल्टची भोकं बंद बुडाची आहेत. हेड उचलताना पाणी नाहीतर तेल त्यात उतरतंच. तसंच बोल्ट आवळले तर आतला द्रव दबून ब्लॉकला चीर जाते. प्रत्येक भोक हवेने साफ करा, कापसाची काडी घालून कोरडी बाहेर आली की मगच बोल्ट.

नोव्हीचा_सातारकर

कळवायला उशीर झाला. टूल मागवलं. उजव्या बाजूची दांडी लोण्यात सुरी जावी तशी शेवटपर्यंत गेली. डावीकडची तीनदा घातली, तिन्ही वेळा मागच्या टोकाशी अडली. टेप लावून मोजलं, बरोबर ७ नंबरवर. काका, तुमची मोजपट्टी!

रात्रभर घोळवलं. ताई, कॅम ०.६०० चा आहे, स्प्रिंगचा खोका कपाटात आहेच. तुमच्या त्या ‘अंतर किती राहिलं’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी दोन्ही हेड उतरवली.

५ आणि ७ चा ट्रे काढला तेव्हा तो लिफ्टर मी ओढलाच नाही, उलटा धरताच स्वतःच्या वजनाने तळहातावर आला. बाकीचे पक्कडीने हलवून काढावे लागले. ट्रे शेजारी ठेवून पाहिले तर चारही चहासारखे तपकिरी झालेत, पण याच्या एका खणाच्या ओठाला केसासारखी चीर आहे, नख अडकतं. चकतीवर खूण नाही, कडाही शाबूत. पण आता हातात आलाय तर परत घालायचा प्रश्नच नाही. सोळा लिफ्टर, चार ट्रे, गॅस्केट आणि बोल्ट मागवलेत. भोकं दोनदा हवेने मारली, तरी काडी अजून ओली येते.

एप्रिलचं माहीत नाही. आईला सांगितलं, मिटवता येईल, जरा वेळ लागेल.

टूल एकदा, तेही अर्धं वापरून पडलंय. नोव्ही, ट्रॉय, कँटनच्या आसपास कोणाला हवं असेल तर येऊन घेऊन जा, परत केलं की झालं. लाकडी दांडकी मात्र मागू नका, आईने ती खिडकीतल्या तुळशीला बांधलीत.