शहरातल्या गच्चीवरून एम 101 चे सर्पिल बाहू टिपता येतील का?

ध्रुवमत्स्य:
पुण्यातील घराच्या गच्चीवरून गेल्या आठवड्यात सप्तर्षीतील एम 101 ही दीर्घिका टिपण्याचा प्रयत्न केला. 80 मिमी व्यासाची आणि 480 मिमी नाभीय अंतराची दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) व साधा डीएसएलआर कॅमेरा एवढीच सामग्री आहे. प्रत्येकी 3 मिनिटांची 40 छायाचित्रे स्टॅक केली, म्हणजे एकावर एक जुळवून एकत्र केली, तरी गाभा तेवढा धुरकट ठिपक्यासारखा उमटला आणि बाहू दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट ताणला, तर मेदूवड्यासारखी करडी वर्तुळे वर आली. दीर्घिकेची प्रत (तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) 7.9 आहे, म्हणजे ती फार अंधुक नसावी. प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर घ्यावा का?

कृष्णपक्ष:
7.9 हा आकडा फसवा आहे, कारण तो दीर्घिकेचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला असे मानून काढलेला असतो. प्रत्यक्षात तो प्रकाश जवळजवळ पूर्णचंद्राएवढ्या रुंदीवर पसरलेला आहे. फिल्टरवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेजोमेघ ठरावीक तरंगलांबींवर चमकतात, म्हणून तेथे फिल्टर उपयोगी पडतो. दीर्घिकेचा प्रकाश मात्र ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा, आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचाही तसाच, त्यामुळे एक अडवायला गेलात की दुसराही अडतो. (बाहूंमधील हायड्रोजनचे लालसर पुंजके 656 नॅनोमीटरवर टिपता येतात, पण ते नंतरचे काम.)

तुमच्या गच्चीवरचे आकाश दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) 18 प्रतीचे आणि गावाबाहेरचे 21 प्रतीचे धरले, तर पार्श्वभूमी सुमारे 16 पट उजळ ठरते आणि तेवढ्याच स्पष्टतेसाठी वेळही 16 पट लागतो. तुमचे 2 तास म्हणजे तिथली साडेसात मिनिटे! अमावास्येच्या आसपासची एक रात्र गावाबाहेर काढा.

रात्रपाळी:
दर वेळी गावाबाहेर जाणे नोकरदाराला जमत नाही. मी गच्चीवरूनच सात-आठ रात्रींची छायाचित्रे एकत्र करतो आणि बाहू दिसतात. ती वर्तुळे मात्र सेन्सरजवळच्या धुळीच्या सावल्या आहेत. फ्लॅट फ्रेम (धुळीच्या सावल्या काढून टाकण्यासाठी घेतलेली एकसारख्या उजळ पृष्ठभागाची छायाचित्रे) कधी घेतल्या होत्या?

ध्रुवमत्स्य:
दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅमेरा काढून, पुसून, पुन्हा बसवल्यावर.

रात्रपाळी:
मग त्या फ्लॅटमध्ये आदल्या रात्रीची धूळ नाहीच, तिच्या सावल्या निघणार कशा? चित्रण संपताच, कॅमेरा न फिरवता आणि फोकसला हात न लावता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कापड सुरकुती न पडू देता ताणून बांधावा, त्यावर टॅबलेटचा पांढरा पडदा धरावा आणि हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मध्याच्या आसपास येईल अशा 30 फ्रेम घ्याव्यात. शहरात 3 मिनिटांचे एक्स्पोजरही जास्त होते. माझ्या गच्चीवर तेवढ्यात ताऱ्यांचे गाभे पांढरेफटक पडतात, म्हणून मी 1 मिनिटावर थांबतो आणि फ्रेमची संख्या वाढवतो. जुनी 40 छायाचित्रे टाकू नका, नव्यांबरोबर स्टॅक करताना कॅमेरा थोडा फिरवलेला असेल तर धुळीच्या खुणा बऱ्याच गळून पडतील.