आजीच्या नथीतले मोती

शीतल: आजीची नथ पुन्हा गुंफायला टाकलीय. सराफ म्हणतात, मोती पिवळे पडलेत, काढून नवे टपोरे घालू. आत्या, तू बहरीनला असतेस म्हणून विचारते, घालू का?

सुधाआत्या: अजिबात नको गं! आधी मोती मोजून परत घे. ती नथ माझ्या आजीच्या लग्नातली, १९१२ ची. जपानच्या मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवला खरा, पण अर्धगोल. गोल कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, मोती सगळीकडे विकायला आले ते १९२० नंतर. म्हणजे नथीतले नैसर्गिकच असणार.

निखिल: आजी ‘बसरा मोती’ म्हणायची. म्हणजे इराकचे ना?

सुधाआत्या: नाव बसऱ्याचं, शिंपले आखाती समुद्रातले. बहुतेक इकडचेच, बहरीनच्या आसपासचे. इथून माल मुंबईला यायचा. तिथे मोती विंधायचे, रेशमात ओवायचे आणि पुढे पॅरिस-लंडनला धाडायचे. अरब व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या. इथे तर आपला रुपयाच चालायचा!

विनयकाका: सुधाताई, काढायचे कसे गं?

सुधाआत्या: नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली. मिनिटभर श्वास कोंडून तळाशी शिंपले गोळा करायचे, मग वरचा गडी दोराने ओढून घ्यायचा. दिवसभर हेच, उन्हाळ्याचे चार महिने. सकाळी खजूर आणि कॉफी, पोटभर जेवण रात्रीच. होडीवरचा मुख्य तो नाखुदा, आपल्या कोळ्यांचा नाखवा म्हणजे तोच शब्द. हंगामाआधी तो उचल द्यायचा आणि ती कधी फिटायचीच नाही. बाप गेला की मुलगा त्याच कर्जापायी पाण्यात उतरायचा. इथल्या मुहर्रक शहरात हे सगळं बघितल्यापासून मला त्या नथीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

विनयकाका: आपल्या ऊसतोडीची उचल तशीच.

सुधाआत्या: अगदी तशीच रे. पुढे जपानी मोती आले, १९२९ ची मंदी आली, धंदा बसला. १९३२ ला इथे तेल लागलं आणि पाणबुडे तेलाच्या कामावर गेले. पण बहरीनमध्ये अजूनही कल्चर्ड मोती विकायला बंदी आहे.

शीतल: आपले मी मागे दातावर घासून पाहिले होते, खरखरीत लागले. म्हणजे बसराच ना?

सुधाआत्या: त्याने फक्त काचेचा-प्लास्टिकचा ओळखू येतो. कल्चर्डही खरखरीतच लागतो. आतलं एक्स-रेत दिसतं. रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दे.

शीतल: सराफांना आत्ताच फोन केला, काम थांबवलंय. उद्या आणते. पण मोती किती होते?

मीनाकाकू: माझ्या लग्नात मी घातली होती. मोठे सात, बाकी बारीक. थांब, फोटो काढून बारीकही मोजते.