नॉर्थ कॅरोलायनात कुठे राहावं? रॉली, शार्लट की आणखी कुठलं गाव? घरात आई आहेत आणि त्या गाडी चालवत नाहीत

पारिजात

नमस्कार. आम्ही गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला आहोत. येत्या जुलैत नॉर्थ कॅरोलायनात जायचं हे नक्की झालंय. गाव मात्र ठरत नाही.

नवऱ्याची बँक त्याला शार्लटला बदली देते आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात जावं लागेल. रॉलीजवळही त्यांचं छोटं ऑफिस आहे, मॅनेजर तिथलं विचारून बघतो म्हणालाय. मी क्लिनिकल ट्रायल्समध्ये, म्हणजे औषधांच्या चाचण्यांमध्ये, सॅस प्रोग्रॅमर आहे (सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर). सध्या घरून काम चालतं, पण हे काम सुटलं तर पुढचं रिसर्च ट्रँगलमध्येच, म्हणजे रॉलीच्या आसपासच्या संशोधन कंपन्यांच्या पट्ट्यातच, मिळेल असं सगळे सांगतात. म्हणजे त्याची नोकरी शार्लटला ओढते आणि माझी रॉलीला.

पण मला खरी काळजी आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची आहे. वय ६६. मामंजी गेल्यानंतर त्या सांगलीहून कायमच्या आमच्याकडे आल्या. पहिलं वर्ष फार जड गेलं. मग हळूहळू त्यांनी स्वतःचा दिनक्रम बसवला. सकाळी नातीला आवरून देतात आणि दहा वाजता चालत ओक ट्री रोडला जातात. भाजीवाल्याला त्यांची आवड ठाऊक आहे. वाटेत दोन गुजराती मैत्रिणी भेटतात, तिघी मिळून देवळात जातात आणि साडेबाराला आई घरी परततात. हे सगळं त्यांनी कोणाच्या मदतीशिवाय उभं केलंय. आता मी त्यांना उचलून अशा जागी नेणार, जिथे कोथिंबिरीची जुडी आणायलाही त्यांना माझी वाट बघावी लागेल. हा विचार आला की मला झोप लागत नाही. त्या स्वतः म्हणतात, "तुम्ही जाल तिथे मी." त्यामुळे जबाबदारी आणखीच वाटते.

मुलगी येत्या १४ सप्टेंबरला पाच वर्षांची होईल. इथे तिला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळालाय.

गेल्या ऑक्टोबरात चार दिवस जाऊन आलो. दोन दिवस रॉली-कॅरी, एक शार्लट, एक ॲशव्हिल. ॲशव्हिलच्या डोंगरांवर पानं लाल-पिवळी झाली होती. नवरा म्हणाला, इथेच राहू. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तुम्ही तिथे राहता, तर मनापासून सांगा. घर किती मोठं मिळेल हे नंतर बघू. आईंचा मंगळवार कसा जाईल, ते मला आधी कळायला हवंय.

कॅरी२०११

पारिजात, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. आमचं नेमकं तिथेच चुकलं होतं.

आम्ही २०११ साली आलो आणि कॅरीजवळच्या एपेक्स गावात घर घेतलं. चार बेडरूम, मागे झाडी, शांत गल्ली. त्या वर्षी बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. तिकडे रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस. इथेही पहिल्या दिवशी बूट घालून निघाले आणि वीस मिनिटांत परत आले. वसाहतीच्या दारापर्यंत पदपथ होता, पुढे तो संपला आणि ४५ मैलांच्या वेगाने गाड्या धावणारा रस्ता लागला. महिनाभर ते त्याच गल्लीत फेऱ्या मारत राहिले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "घर छान आहे रे. पण इथे माणसं कधी दिसतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन वर्षांनी आम्ही ते घर विकलं आणि मॉरिसव्हिलला लहान टाऊनहाऊस घेतलं. ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे पटलं नाही. पुढच्या खेपेला बाबा आले ते साडेसात महिने राहिले.

मॉरिसव्हिल हे कॅरी आणि रॉलीचा विमानतळ यांच्या मधलं छोटं गाव. जवळपास निम्मी वस्ती आशियाई, त्यात आपले लोक पुष्कळ. एव्हिएशन पार्कवेवर हिंदू भवन आहे. शेजारी कॅरीत व्यंकटेश्वराचं मंदिर, त्याचं ८७ फुटी राजगोपुर २०२२ च्या दिवाळीत उघडलं. चर्च स्ट्रीट पार्कवर खरंखुरं क्रिकेटचं मैदान आहे, २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. बाबांना सामन्यांपेक्षा त्या बागेतल्या बाकांवर बसणारी माणसं महत्त्वाची होती. एक तेलुगू रिटायर्ड हेडमास्तर आणि बडोद्याचे एक गृहस्थ रोज यायचे. भाषा तिघांच्या तीन, तरी रोज दीड तास गप्पा.

आणखी एक सोय तुमच्या आईंच्या फार उपयोगी पडेल. मॉरिसव्हिलमध्ये २०२१ पासून मोफत स्मार्ट शटल आहे. गावात ठरावीक थांबे आहेत, ॲपवरून किंवा फोन करून गाडी बोलवायची. घर बघताना सर्वांत जवळचा थांबा किती पावलांवर आहे ते स्वतः चालून बघा. दलाल तुम्हाला किचनचा ग्रॅनाइट दाखवेल, हे दाखवणार नाही.

तरीही खरं तेच सांगतो, ओक ट्री रोड इथे नाही. कॅरीच्या ईस्ट चॅटम स्ट्रीटवर भारतीय दुकानं आहेत, पण आपण गाडीने जायचं, सामान घ्यायचं आणि परत यायचं, असं ते ठिकाण आहे. रस्त्यात सहज कोणी भेटेल हे इथे क्वचित घडतं. ते जुळवून आणावं लागतं. आईंना आठवड्यातून एक दिवस देवळाच्या स्वयंपाकघरात सेवेला पाठवा. तिथे एकदा ओळख झाली की घ्यायला-सोडायला बायका आपणहून येतात.

आता शाळेचं, कारण तुमची तारीख अडचणीची आहे. या राज्यात किंडरगार्टनसाठी ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. जुलैत आलात तर मुलीचं वर्ष जाईल. मात्र दुसऱ्या राज्यात तिथल्या नियमाप्रमाणे त्या वर्षी शाळा सुरू झाली असेल आणि मग कुटुंब इथे राहायला आलं, तर मुलाला सामावून घेण्याची तरतूद इथल्या कायद्यात आहे. तेव्हा सप्टेंबरात तिची शाळा एडिसनला सुरू करून नाताळच्या सुट्टीत येता येईल का, याचा विचार करा. आधी इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टकडून लेखी उत्तर मात्र घ्याच.

वेक काउंटीत, म्हणजे रॉली-कॅरीच्या जिल्ह्यात, पत्त्यावरून बेस स्कूल ठरते, पण काही शाळा भरलेल्या म्हणून कॅप केलेल्या असतात आणि नवीन मुलांना दुसरीकडे पाठवतात. घराच्या जाहिरातीतल्या शाळेच्या नावावर विसंबू नका. इयर-राउंड, म्हणजे वर्षभर चालणारी शाळा असेल तर मुलांचे चार गट, म्हणजे ट्रॅक असतात, नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी. घरात आजी असली की हे वेळापत्रक सोपं जातं, तुम्हाला ते फायद्याचंच होईल.

घर घेताना जर्सीच्या सवयीने जाऊ नका. इथे ड्यू डिलिजन्स फी असते, म्हणजे घराची पाहणी करायला जी मुदत मिळते तिचे पैसे. करार झाला की ती थेट विकणाऱ्याच्या हातात जाते आणि व्यवहार आपण सोडला तर परत मिळत नाही. २०२१ च्या घाईत माझ्या धाकट्या भावाचे असे ८,००० डॉलर गेले. पाहणीत पायाला तडा निघाला, घर सोडावं लागलं आणि पैसेही गेले. पहिलं वर्ष भाड्याने राहा, अगदी आग्रहाने सांगतो.

पोळपाट

अगं पारिजात, शार्लटबद्दल इथे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आम्ही सहा वर्षं शार्लटला आहोत आणि सुखात आहोत.

राज्यातलं सगळ्यात मोठं शहर आहे हे. नवरा बँकेत असेल तर आज ही नोकरी, उद्या रस्त्यापलीकडची. रॉलीच्या छोट्या ऑफिसात उद्या कपात झाली तर तो पुन्हा शार्लटलाच शोधणार, हे आत्ताच धरून चाला. विमानतळ मोठा आहे, अमेरिकन एअरलाइन्सचं हब असल्यामुळे आईंना पुण्या-मुंबईला पाठवताना एक बदल कमी होतो.

तुला आईंची काळजी आहे, म्हणून ब्लू लाइन या शहरातल्या ट्रेनचं सांगते. २००७ ला सुरू झाली, २०१८ पासून यूएनसी शार्लट या युनिव्हर्सिटीपर्यंत जाते. युनिव्हर्सिटीच्या बाजूला स्टेशनजवळ घर घेतलंस तर त्या एकट्या ट्रेनने अपटाऊनला, म्हणजे शहराच्या मध्यभागी, जाऊ शकतील. माझी आई जायची, लायब्ररीत बसून यायची. पण देऊळ आणि किराणा ट्रेनच्या वाटेवर नाहीत, त्यासाठी गाडी लागतेच. आपले लोकही एका जागी नाहीत. कोणी बॅलंटाइनला, कोणी कॉन्कॉर्डच्या कॉक्स मिलकडे, कोणी सीमा ओलांडून साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट मिलला. गणपतीला मंडळात सगळे भेटतात, एरवी पाऊण तास गाडी हाकल्याशिवाय भेट नाही.

फोर्ट मिलमध्ये घर आणि शार्लटला नोकरी असं केलंत तर दोन राज्यांचे रिटर्न भरावे लागतील, एवढं लक्षात ठेव. नॉर्थ कॅरोलायनाचा इन्कम टॅक्स २०२६ पासून सरसकट ३.९९ टक्के आहे. प्रॉपर्टी टॅक्सही जर्सीच्या मानाने खूप हलका वाटेल. गाडीवर मात्र दरवर्षी टॅक्स भरावा लागतो, तो आम्हाला पहिल्या वर्षी अनपेक्षित होता.

रानवाटा

ॲशव्हिलबद्दल लिहितो, कारण ते माझं अतिशय लाडकं गाव आहे. मी रॉलीत राहतो आणि वर्षातून तीन-चारदा चार तास गाडी चालवून तिकडे जातो.

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ आलं. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात. स्वानानोआ आणि फ्रेंच ब्रॉड या नद्यांनी बिल्टमोर व्हिलेज आणि रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्ट हे ॲशव्हिलचे भाग बुडवले. पिजन नदीच्या घळीत आय-४० महामार्गाचा कडा नदीत कोसळला. शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. माझा एक मित्र तिथे राहतो, आम्ही पिकअपमध्ये पाण्याचे कॅन भरून गेलो होतो. तो प्रवास मी विसरणार नाही.

म्हणून तिथे जरूर जा, राहा, जेवा, तिथल्या कुंभारांकडून एखादं भांडं विकत घ्या. त्या गावाला पाहुण्यांची गरज आहे. ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावरून माउंट मिचेलला आईंना न्या. ६,६८४ फूट, मिसिसिपीच्या पूर्वेला याहून उंच शिखर नाही, आणि गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. निघण्याआधी पार्कवेचा तो भाग खुला आहे का ते बघा. पण तुम्हा दोघांच्या नोकऱ्या आणि आईंची सोबत, यातलं काहीच तिथे नाही. ऑक्टोबरातल्या एका दिवसावर घर ठरवू नका.

विल्मिंग्टनचंही कोणी सुचवेल. समुद्र सुंदर, रॉलीहून दोन तास. २०१८ मध्ये फ्लोरेन्स वादळात सगळे रस्ते पाण्याखाली जाऊन ते शहर काही दिवस तुटलं होतं. शनिवार-रविवारसाठी उत्तम.

आणि रॉलीहून ॲशव्हिलला जाताना वाटेत ग्रीन्सबरोला थांबा. १ फेब्रुवारी १९६० ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जिथे फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर जाऊन बसले, ते वूलवर्थचं दुकान आता संग्रहालय आहे. काउंटर तिथेच आहे. ज्या राज्यात मुलीला वाढवणार, त्याचा हा इतिहास तिला इथेच कळावा असं मला वाटतं.

पारिजात

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कॅरी२०११ यांचा प्रतिसाद मी आईंना वाचून दाखवला. बाबांच्या "माणसं कधी दिसतात" या वाक्याला त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते बाक मला दाखव आधी."

ठरवलंय ते असं. जुलैत राहायला जायचं नाही, फक्त बघायला जायचं, आठ दिवस, भर उकाड्यात. यंदा आईंना सोबत घेऊन. नेवार्कहून कॅरोलिनियन ट्रेन थेट कॅरीला जाते, तीच घेऊ. पाच दिवस मॉरिसव्हिलला भाड्याच्या घरात, मग ट्रेननेच शार्लट. पोळपाट, ब्लू लाइनजवळ तीन दिवसांसाठी कुठे उतरावं ते सांगशील का? मुलीची शाळा सप्टेंबरात इथेच सुरू होईल, डिस्ट्रिक्टला ईमेल आज केली. नवऱ्याने मॅनेजरला रॉलीचं पक्कं उत्तर मागितलंय.

कॅरी२०११, एक विचारायचं राहिलं. त्या बागेत बायकाही बसतात ना?

कॅरी२०११

बसतात. सकाळी नऊनंतर, मुलांना शाळेत सोडून झालं की आज्या येतात. जुलैत ऊन लवकर चढतं, म्हणून तेव्हा आठलाच. तुमची तारीख ठरली की इथे लिहा. माझी आई आता आमच्याकडेच आहे, ती आईंना न्यायला येईल.