मदत हवी आहे: लोकरी गालिच्यातलं परमेथ्रिन (कीटकनाशक) तपासायचं कुठे?

जळगाव, बैठकीतला ६ बाय ९ फुटी लोकरी गालिचा, मागे लेटेक्सचा (रबरी) थर. लेबलवर नुसतं 'मॉथप्रूफ' आणि 'स्टेन रेझिस्टंट', रसायनाचं नाव नाही. दुकानदाराकडे माहितीपत्रक मागितलं, मिळालं नाही. घरात रांगतं बाळ आणि मांजर.

लोकरीला कसर लागू नये म्हणून बहुधा परमेथ्रिन वापरतात. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही, आणि गालिच्यावर लोळून अंग चाटलं की ते थेट पोटात जातं. खरी धास्ती त्याचीच.

कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकला, मोत्यासारखा उभा राहिला. गोडेतेलाचा थेंबही जिरला नाही. नुसतं मेण किंवा सिलिकॉन असतं तर तेल जिरलं असतं, म्हणजे डागरोधक लेप फ्लोरोकार्बनचा, म्हणजे फ्लोरिन असलेल्या रसायनाचा दिसतो. तो उन्हाने किंवा धुऊन जात नाही, झिजून धुळीत उतरतो.

हेपा (बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने दोन्ही बाजू साफ केल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली, गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. धुण्याचा सोडा आणि ब्लीच सुचवू नका, लोकर खलास होते. उन्हात परमेथ्रिन तुटतं खरं, पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकला तर लेटेक्स कडक होऊन भुगा सुटेल.

तेव्हा दोनच गोष्टी सांगा. सकाळच्या कोवळ्या उन्हात, लोकरीची बाजू वर ठेवून, परमेथ्रिन कामापुरतं कमी होतं का, की तंतूच्या आत मुरलेलं तसंच राहतं? आणि लोकरीतलं परमेथ्रिन व एकूण फ्लोरिन दोन्ही तपासणारी प्रयोगशाळा नाशिक, पुणे किंवा मुंबईत कोणती, नमुना किती ग्रॅम लागतो?