मदत हवी आहे: उच्चारकोशात ‘जग’चे दोन उच्चार कसे सांभाळायचे?

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे. शाळेची पुस्तकं तो संगणकाकडून वाचून घेतो. त्याच्यासाठी मराठी आवाज तयार करायला घेतलाय आणि उच्चारकोशापाशी, म्हणजे प्रत्येक शब्दापुढे त्याचा उच्चार लिहिलेल्या यादीपाशी, अडकलेय.

इंग्रजीला सीएमयूचा (कार्नेगी मेलन विद्यापीठाचा) १,३४,०००हून जास्त शब्दांचा कोश आयता मिळतो. मी पाच हजार मराठी शब्दांचे उच्चार हाताने लिहिले आणि त्यांवर मॉन्ट्रियल फोर्स्ड अलायनरमधलं (ध्वनिमुद्रण आणि मजकूर जुळवणारी प्रणाली) जीटूपी मॉडेल, म्हणजे लिखित शब्दावरून उच्चार काढणारं मॉडेल, शिकवलं. कुठला ‘अ’ गाळायचा हे त्याला बरंच कळतं: ‘शिकवण’चं शिक्‌-वण, ‘शिकवणी’चं शिकव्‌-णी. ‘माझा’तला झ दंततालव्य (जीभ दातांमागे टेकणारा) आणि ‘माझी’तला तालव्य (टाळूला टेकणारा), हेही जमतं, कारण पुढे इ किंवा य आला की उच्चार तालव्यच.

पण ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले च वेगळे का, तर एक तत्सम आणि दुसरा तद्भव. हे यंत्राला कसं सांगू? त्याहून अवघड ‘जग’. ‘जग बदललं’मधला ज ‘जीव’सारखा, ‘सुखाने जग’मधला ‘जाड’सारखा. कोशात दोन ओळी दिल्या तर कुठली उचलायची हे कोण ठरवणार?

शिवाय घर, घरात, घरातल्या, घरापासून... सगळी रूपं कोशात घालायची का?

प्रतिसाद:
ताई, दोन ओळी खुशाल द्या. ध्वनिमुद्रण जुळवताना अलायनर प्रत्येक ठिकाणी ऐकू येणारा उच्चार निवडतो. नवीन मजकूर वाचताना मात्र ऐकायला काही नसतं. तिथे आधी नाम की क्रियापद हे ओळखावं लागेल. कोशात जग_नाम, जग_क्रिया अशा वेगळ्या नोंदी ठेवा. रूपं जीटूपीकडून काढून घ्या, हाताने फक्त च, ज, झ असलेली तपासा. तत्सम शब्दांना मूळ यादीतच खूण करा.

एक विचारतो, ‘ऱ्या’चं काय केलंत? तो दोन प्रकारे टाइप होतो: ऱ वापरून, किंवा र्‌नंतर झीरो विड्थ जॉइनर हे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह देऊन. दिसायला सारखेच, पण कोशाला ते दोन वेगळे शब्द. दुसरा प्रकार आधी पहिल्यात बदलून घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. मी मजकूर साफ करताना सगळी अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकली होती. आत्ता पाहिलं तर लग्नाच्या धड्यातल्या ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालंय. भाऊ म्हणालाही होता की हे वाक्य चुकीचं वाटतं. मीच त्याला पुन्हा नीट ऐक म्हणाले. आज रात्री मूळ मजकुरापासून सगळं परत चालवते.